पाहिल्याशिवाय सही नाही

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, मोजपट्टी असे. पोलादी, गुंडाळणारी, पाच मीटरची. तिच्या वजनाने खिसा कायम खाली ओढलेला. पेन ते टेबलाच्या खणात ठेवत. पेन खिशात असलं की माणूस वाटेल तिथे सही करून बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पालिकेच्या ऑडिट विभागात मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काम केलं. दादरच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची शाखा होती. मी वयाने आणि हुद्द्याने त्यांच्यापेक्षा लहान, पण पहिल्या दिवसापासून ते मला 'मॅडम' म्हणत. मी एकदा म्हटलं, "साहेब, मला नावाने हाक मारा." तर म्हणाले, "ऑडिटमध्ये लहान कोणी नसतं. उद्या माझी चूक तुम्हालाच दाखवायची आहे." त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरोबर नाही, आणि विचारलं तर ते कशाला म्हणून विचारतील.

त्यांचा एकच नियम होता: पाहिल्याशिवाय सही नाही. बिल आलं की बाकीचे लोक कागद तपासत. हे कागद तपासून मग वस्तू पाहायला जात. एका शाळेत चाळीस खुर्च्या घेतल्याचं बिल आलं. हे गेले, एकोणचाळीस भरल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "असेल कुठेतरी." साहेब दीड तास शाळेत हिंडले. चाळिसावी खुर्ची गच्चीवर सापडली, टाकीच्या मागे, शिपायाची डुलकी घ्यायची जागा. साहेब तिच्यावर दोन मिनिटं बसले, हलते का पाहिलं, आणि खाली येऊन बिल पास केलं. शिपायाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. "खुर्चीचं बिल होतं, झोपेचं नव्हतं," म्हणाले.

रस्त्यातला खड्डा बुजवल्याचं बिल आलं तर खड्डा होता तिथे जाऊन उभे राहत. मी विचारलं, "बुजवलेला खड्डा दिसणार कसा?" "दिसत नाही हेच पाहायला जायचं."

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं, पण त्यांच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं. एका फेरीच्या बसचं तिकीट माझ्याकडून हरवलं, तर माझा प्रवासभत्ता त्यांनी तीन महिने अडवून धरला. शेवटी मीच ती रक्कम सोडून दिली, तेव्हा म्हणाले, "मॅडम, तुम्ही प्रवास केलात हे मला माहीत आहे. पण मला माहीत असणं म्हणजे कागद नव्हे." मला राग आला होता. घरी मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "असा माणूस आपल्या सोसायटीत खजिनदार पाहिजे." मी म्हटलं, "मग मी माहेरी जाईन."

स्वतःच्या बाबतीतही हाच काटा. नायगावच्या बीडीडी चाळीत त्यांचा जन्म गेला. वडील हवालदार. पुढे नव्या इमारतीत घराचा ताबा मिळाला तेव्हा पेढे वाटायच्या आधी यांनी मोजपट्टी काढली. शेजारीपाजारी आशेने गोळा झाले, की आता हे कमी भरल्याचं दाखवणार आणि आपण मोर्चा काढणार. मोजून झालं. घर दोन इंच जास्त भरलं. यांनी ते लेखी कळवलं. शेजारी अजून हसतात.

आणि चहा. कुठल्याही मीटिंगला गेले की आत शिरताना शिपायाला सांगत, "माझा कप धरू नका." तल्लफ आली की जिना उतरून टपरीवर जात, स्वतःच्या पैशाने पीत आणि वर येत. कारण विचारलं तर सांगत, "कप धरला की बिलात येतो, आणि बिल फिरून माझ्याच टेबलावर येतं. मग मी काय, माझाच चहा तपासू?"

ही चहाची सवय लक्षात ठेवावी, कारण पुढे जे झालं त्यात तिचा संबंध आहे.

दादरच्या बाजारात एक कोळीण मावशी बसत असे. शीव कोळीवाड्यातली. तिची आई आणि आजीही त्याच ओट्यावर बसून मासे विकत, आणि परवाना रीतसर होता. एके दिवशी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. पालिकेचे लोक, सोबत बंदोबस्ताला पोलीस. रस्त्यावरचा माल उचलता उचलता त्यांनी मावशीच्या ओट्यावरची टोपलीही उचलली. तिने टोपली दोन्ही हातांनी धरून ठेवली. एका पोलीस शिपायाने तिच्या मनगटावर काठी मारली. हाड मोडलं. तशीच तिला चौकीत नेऊन संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, आणि कागदावर लिहिलं की बाई कोयता घेऊन पोलिसांच्या अंगावर धावली.

बंदोबस्त पालिकेने मागवलेला, त्याचे पैसेही पालिकाच भरते, म्हणून तक्रार पालिकेकडे आली. ओरड झाली. समिती बसली आणि समितीने चौकशीसाठी एक निवृत्त न्यायाधीश नेमले. दर बैठकीला त्यांचं मानधन, दोन बाजूंचे दोन वकील, लघुलेखक, हॉल, चहापाणी. बैठक पाच मिनिटं चालो की पाच तास, खर्च तोच. तोवर मावशीचा परवाना तहकूब. चौकशीत ती खरी ठरली तर ओटा परत मिळणार. चौकशी निकालाशिवाय बंद झाली तर कोयत्याचा कागद तेवढा फायलीत उरणार आणि परवाना रद्द होणार. तिच्या दृष्टीने सगळं एवढ्यावर होतं.

पहिल्या बैठकीचं बिल आमच्याकडे आलं. साहेबांनी ते उलटसुलट केलं आणि मला म्हणाले, "मॅडम, यात वस्तू काय?"

"वस्तू कसली साहेब? चौकशी आहे."

"मग चौकशी पाहायला पाहिजे."

दुसऱ्या बैठकीपासून ते जाऊ लागले. हॉलमध्ये शेवटच्या बाकावर बसत. शिपायाला सांगत, "माझा कप धरू नका." खिशातून छोटी डायरी आणि पेन्सिल काढून सुरुवातीची वेळ लिहीत, संपल्याची वेळ लिहीत, आणि उठत. मीही चार-पाच वेळा सोबत गेले. काय चालायचं तर असं. पोलिसांचे वकील उभे राहून सांगत, "साक्षीदार बंदोबस्तावर आहे, पुढची तारीख द्यावी." पुढच्या वेळी ठाण्याची डायरी आणायची राहिली. त्याच्या पुढच्या वेळी वकील दुसऱ्या कोर्टात. न्यायाधीश वयस्कर होते, सज्जन होते, चिडायचे, आणि तारीख द्यायचे. मावशी प्रत्येक वेळी यायची. हिरवं नऊवारी, हात आधी प्लास्टरमध्ये, मग नुसता पट्टीत, मग उघडा पण वाकडा. दरवाजाजवळच्या स्टुलावर बसायची. कोणी तिला काही विचारत नसे.

इकडे नायगावात गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. साहेबांच्या इमारतीत निम्मी घरं पोलिसांची. तळमजल्यावर एक निवृत्त हवालदार राहत, साहेबांचे लहानपणापासूनचे मित्र. दर रविवारी दोघं कॅरम खेळत, चोवीस वर्षं. एका रविवारी हवालदार आले ते दारातच उभे राहिले.

"काय रे, तू आपल्या पोरांच्या विरोधात जाऊन बसतोस म्हणे?"

"मी बाकावर बसतो. विरोधात नाही."

"तुझा बाप याच वर्दीवर जगला."

"म्हणूनच जातो. बाबांची काठी कोनाड्यात असायची, तुला माहीत आहे. दर दसऱ्याला तिला फूल वाहायचे. पंचवीस वर्षांत ती कुणाच्या मनगटावर पडली नाही."

"ते दिवस गेले. आताचा बंदोबस्त तुला काय ठाऊक? सोळा-सोळा तास उभी असतात पोरं."

"ते मांड ना चौकशीत. मी वेळ लिहून घेईन."

हवालदार निघून गेले. हे मला साहेबांनी स्वतः सांगितलं, आणि शेवटी एवढंच म्हणाले, "पावडरचा डबा तसाच आहे. ओल धरली तर टाकावा लागेल." त्यांच्या तोंडून तक्रार म्हणून मी ऐकलेलं हे एकच वाक्य.

चौदा बैठका झाल्यावर वरच्या मजल्यावरून बोलावणं आलं. चौकशी बंद करायचा प्रस्ताव तयार होता. कारण: खर्च फार होतो. त्यावर फक्त ऑडिटचा शेरा हवा होता. आणि ऑडिटचा शेरा म्हणजे हे, ज्यांनी आयुष्यभर लोकांची बिलं अडवली. वरिष्ठ खुशीत होते. त्यांच्या हिशेबाने यांच्याएवढा योग्य माणूस दुसरा नव्हता.

"तुमचा नेहमीचा शेरा मारून द्या," वरिष्ठ म्हणाले. "खर्च अवाजवी. दोन शब्द."

"मारत नाही साहेब. लिहितो. उद्या देतो."

"अहो, उद्या कशाला? बिलं तुमच्यासमोर आहेत. एवढ्या पैशात बाजाराला नवं छप्पर झालं असतं!"

"छपराचं बिल आलं तर छप्पर पाहीन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दीड पानाची टिप्पणी दिली. टाइप मीच केली होती, म्हणून मला अजून पाठ आहे. आधी तक्ता: बैठकीचा क्रमांक, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, झालेलं काम. पहिल्या बैठकीच्या वेळा लघुलेखकाच्या नोंदीवरून, तसं स्पष्ट लिहून. चौदा बैठका मिळून प्रत्यक्ष कामकाज दोन तास अकरा मिनिटं. त्यातल्या अकरा बैठकांत पुढची तारीख ठरवण्यापलीकडे काही झालं नव्हतं. तारीख कोणी मागितली, याचाही एक रकाना. आणि खाली: 'झालेल्या चौकशीचा खर्च वाजवी आहे. न झालेल्या चौकशीचा खर्च अवाजवी आहे. त्यावर उपाय चौकशी बंद करणे हा नसून चौकशी करणे हा आहे. तारखा मागणाऱ्यांकडून त्या त्या बैठकीचा खर्च वसूल करावा.'

टिप्पणी समितीपुढे वाचली गेली. 'खर्च अवाजवी' हे शब्द आले तेव्हा अध्यक्षांनी मान डोलावली म्हणतात. पुढचं ऐकल्यावर मान थांबली. असा तक्ता फायलीला लागल्यावर चौकशी बंद करण्यावर सही करायला कोणी तयार होईना. ती टिप्पणी न्यायाधीशांकडे गेली, आणि पंधराव्या बैठकीला साहेबांना बोलावणं आलं, या वेळी बाकावर नाही, पुढे.

पोलिसांचे वकील तयारीत होते. "ऑडिटच्या माणसाने घड्याळ लावून न्यायाचं मोजमाप करायचं, हा काय प्रकार आहे? या नोंदी अचूक कशावरून?"

साहेबांनी डायरी पुढे ठेवली आणि कोणी न विचारता म्हणाले, "एक दुरुस्ती आहे. सातव्या बैठकीला मी सहा मिनिटं उशिरा पोचलो. रस्ता खणलेला होता, त्याची रुंदी घेत थांबलो. त्या सहा मिनिटांत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. टिप्पणीत हे लिहायचं राहिलं. चूक माझी."

मी डोळे मिटून घेतले. चौदा बैठकांचं काम या माणसाने एका वाक्यात घालवलं, असं मला वाटलं. वकिलांना तर हर्ष झाला.

"म्हणजे त्या सहा मिनिटांत महत्त्वाचं कामकाज झालेलं असू शकतं?"

"असू शकतं."

"महत्त्वाची साक्षसुद्धा?"

"मी पाहिलेलं नाही."

"मग हा तक्ता—"

"मी सांगू काय झालं?" दरवाजाजवळून आवाज आला. मावशी स्टुलावरून उठली होती. पंधरा बैठकांत पहिल्यांदाच बोलत होती. "मी व्हते ना हितं! चाय आली व्हती. बिस्किटं पन आली व्हती. सगल्यांनी पिली, यानी दोन येला घेतली," तिने वाकड्या हाताने वकिलांकडे बोट केलं, "आनि मना तेवरी नाय दिली. हा झाला सहा मिंटांचा कारभार!"

सगळा हॉल हसला. लघुलेखक हसला, बंदोबस्तावरचा पोलीससुद्धा हसला. न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे पुसले. "त्या चहाला मीही होतो," ते म्हणाले. "बाई बरोबर सांगतात." मग त्यांचा आवाज बदलला. "जो माणूस न विचारता स्वतःची सहा मिनिटं सांगतो, त्याच्या बाकीच्या मिनिटांवर मला शंका नाही. साक्षीदार जेवणाच्या सुटीनंतर इथे हजर पाहिजे. नसेल तर मी त्याच्याशिवाय लिहीन."

साहेब मात्र हसले नव्हते. मावशी बोलत असतानाच त्यांनी डायरी ओढून घेऊन काहीतरी लिहिलं. मला वाटलं, वेळ लिहिली असेल.

जेवणाच्या सुटीनंतर साक्षीदार आला. सोळाव्या बैठकीत चौकशी संपली. बाहेर आलं ते फार साधं होतं. जप्तीची यादी पालिकेच्या इन्स्पेक्टरने माल गाडीत चढत असताना लिहिलेली होती. तिच्यात बर्फाची पेटी, वजनकाटा, लाकडी ठोकळा आणि एक कोयता आधी होता. टोपली सगळ्यात शेवटी. म्हणजे मावशीने टोपली धरली तेव्हा कोयता गाडीत जाऊन पडला होता. ही यादी पहिल्या दिवसापासून फायलीत होती. वाचायला तारीख मिळत नव्हती.

त्या सोळाव्या बैठकीला चहा आला तेव्हा शिपाई नेहमीसारखा दरवाजाजवळून वळून मागे फिरला. साहेब बाकावरून म्हणाले, "त्यांचा कप यादीत आहे ना? मग द्या." शिपायाने दिला. मावशीने घोट घेतला आणि म्हणाली, "साखर कमी हाय." पण संपवला.

परवाना परत मिळाला. मी आजही त्याच ओट्यावरून बोंबील घेते. मावशी पैसे घेते, बर्फ टाकते, भाव करू देत नाही. कापायचं काम आता सून करते, कारण मनगट नीट बसलं नाही ते नाहीच. अहवाल पोलिसांच्या वरिष्ठांकडे गेला. पुढे त्या पोलीस शिपायाचं काय झालं ते आमच्या फायलीत नाही, म्हणून मी सांगत नाही. तारखांच्या खर्चाची वसुली आजतागायत झालेली नाही. साहेब निवृत्त झाले. कॅरम पुन्हा सुरू झाला, पण त्याला वर्ष जावं लागलं. कोण आधी बोललं, ते दोघंही सांगत नाहीत.

त्या चौकशीचं शेवटचं बिल आलं ते चहाचं. सोळा बैठका, दर बैठकीला आठ कप: न्यायाधीश, लघुलेखक, दोन वकील, दोन पोलीस, पालिकेचा इन्स्पेक्टर आणि आठवा कप तक्रारदाराचा. मोठ्या बिलांवर त्यांनी वेळा पाहून सह्या केल्या होत्या. हे बिल त्यांनी बाजूला ठेवलं, डायरी उघडली, आणि संध्याकाळी बाजारात गेले. पहिल्या बैठकीला ते हजर नव्हते ना, म्हणून तेवढं मावशीला विचारायला. सातव्या बैठकीचं तिने हॉलमध्येच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खणातून पेन काढलं आणि बिलातून पंधरा कप वजा केले.

कॅन्टीनवाला तणतणत वर आला. लाखोंचा खर्च झालेल्या चौकशीत पंधरा चहा! त्याच्या डोक्यात ते बसेना.

"साहेब, काय राव तुम्ही! पंधरा चहासाठी अडवता?"

"पंधरा चहा नव्हेत," साहेब म्हणाले. "पंधरा वेळा."

त्याला कळलं नाही. तो बिल घेऊन गेला. त्या सगळ्या जाड फायलीत, वकिलांच्या अर्जांत, अहवालात, कुठेही मावशीला कसं वागवलं हे एका वाक्यात लिहिलेलं नाही. फक्त त्या चहाच्या बिलाच्या कडेला, त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात आहे: 'बैठक एक ते पंधरा: तक्रारदारास चहा दिलेला नाही. पहिल्या व सातव्या बैठकीबाबत तक्रारदाराने सांगितल्यावरून, इतर समक्ष पाहून.'

खाली सही.